तुम्ही विचारलंत म्हणून: दोन मिनिटांच्या व्हिजिटची फी

"डॉक्टर दोन मिनिटं डोकावतात, बाकी सगळं तुम्हीच करता. मग त्यांची व्हिजिट फी कसली?" हा प्रश्न मला वॉर्डात तर विचारतातच, खंडेराव मार्केटात भाजी घेतानाही कुणी ओळखीचं विचारतं. विचारणाऱ्याला वाटतं, सिस्टर खूश होतील. मी होत नाही. यात डॉक्टरांचं काम कळलेलं नसतं आणि माझंही.

आधी ती दोन मिनिटं बघू. डोक्याला मार लागलेला पेशंट रात्री तळमळत असतो, नातेवाईक म्हणतात झोपेचं इंजेक्शन द्या. डॉक्टर बघतात, बाहुल्यांवर टॉर्च मारतात आणि "नको" म्हणून निघून जातात. नातेवाइकांना वाटतं, काहीच केलं नाही. पण गुंगी औषधाची की मेंदूत रक्त साचल्याची, हे मग ओळखायचं कसं? न देणं हाच तिथे उपचार असतो आणि त्याची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. हे न कळणाऱ्या सिस्टरही मी पाहिल्यात. पेशंट रात्रभर आम्हाला सांभाळायचा असतो, तेव्हा रागही येतो.

मात्र त्या दोन मिनिटांत डॉक्टर जो कागद वाचतात, तो आम्ही भरलेला असतो. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी लघवी व्हायला हवी. रात्री कुणा नातेवाइकाने चांगुलपणाने भांडं न मोजताच रिकामं केलं, तर सकाळी किडनीचा हिशोब चुकलाच. (म्हणून आम्ही ओरडतो हो, हौस नसते.)

आता आमचं. बऱ्याच तरुण डॉक्टरांना वाटतं, नर्सिंग म्हणजे त्यांच्या ऑर्डरी पाळणं. दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवण्याआधी पेशंट नीट गिळतोय का ते बघणं, पाठीची लाली जखम होण्याआधी हेरणं, हे कुणी केस पेपरवर लिहून देण्याची आम्ही वाट बघत नाही. आणि ऑर्डर पाळायचीच, तर डोळे उघडे ठेवून. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत सोडलं तर हृदय थांबू शकतं. नव्या आरएमओने, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने, एकदा नुसतं औषधाचं नाव लिहिलं. किती सलाइनमध्ये, किती वेगाने, काही नाही. मी देईना. तो चिडला, "डॉक्टर मी आहे की तुम्ही?" म्हटलं, "तुम्हीच आहात, म्हणून तुम्हीच लिहा." त्याने लिहिलं. चूक झाली असती तर जाब लिहिणाऱ्यालाही द्यावा लागला असता आणि टोचणाऱ्या हातालाही.

खरी गफलत होते ती रात्रीच्या फोनवर. नवी मुलगी तीन वाजता डॉक्टरांना उठवते आणि म्हणते, "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये." झोपेतल्या माणसाने यातून काय समजायचं? यासाठी एक पद्धत आहे, एसबीएआर. अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवरून ती दवाखान्यांत आली: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. पहिल्या तीन गोष्टी मुली पटकन शिकतात. चौथ्यापाशी जीभ अडते. "सर, तुम्ही आत्ता येऊन बघा" असं सरांना कसं म्हणायचं?

मग आडवळण. "सर, मागे अशाच एका आजींना तुम्ही लॅसिक्स दिलं होतं ना?" (लॅसिक्स म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी उतरवणारं औषध.) सर म्हणतात, "हो, तेच सांगणार होतो." लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये नेमका हाच खेळ लिहून ठेवला: नर्सने सल्ला द्यायचा, पण तो डॉक्टरांनाच सुचलाय असं वाटू द्यायचं. १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुन्हा लिहिलं, की तिकडच्या नर्सनी हा खेळ सोडलाय. आमच्या बडोद्यात तो अजून रंगतो आणि मीही त्यात तरबेज आहे. पण श्वास मिनिटाला ३० वर गेलेल्या पेशंटला या गोडव्यासाठी वेळ नसतो.

डॉक्टर आणि नर्स, दोघांची कॉलेजं एकाच आवारात असली तरी एका बाकावर कधी बसवत नाहीत. एमबीबीएसच्या पोराने एक आठवडा नाइटला सिस्टरबरोबर फिरावं आणि आमच्या मुलींनी डॉक्टरांच्या केस-चर्चेला मागे बसावं, एवढं जरी झालं तरी फोन नीट होतील. माझ्या हातात आहे ते मी करते: राउंडला नवीन मुलीला पुढे उभी करते आणि तिच्या पेशंटबद्दल तिलाच बोलायला लावते. काही कन्सल्टंट थांबून ऐकतात. काही घड्याळ बघतात.

राहिली व्हिजिट फी. ती का लागते, एवढं मी सांगितलं. किती लागावी, हे बिलिंग काउंटरवर विचारा. आणि तिथे उभेच आहात तर सिस्टरचा पगार किती, तेही विचारून बघा.