घुमटाचा लूप प्रोजेक्टच्या लयीत बसवताना

गोव्यातील शिगम्यात ध्वनिमुद्रित केलेल्या घुमट (मातीच्या भांड्याला कातडे लावलेले वाद्य) आणि शामेळ (त्याच्या साथीचे चर्मवाद्य) यांच्या वादनातून लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तुकडा, काढायचा असेल, तर प्रथम त्याचा मूळ टेम्पो (लयीचा वेग) मोजावा. मात्रांच्या संख्येला ६० ने गुणून सेकंदांतील लांबीने भागले की तो मिळतो. १६ मात्रांचा तुकडा १० सेकंदांचा असेल, तर टेम्पो ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. सॉफ्टवेअरच्या अंदाजावर विसंबू नये, कारण ते कित्येकदा दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवते.

हाच लूप १०८ बीपीएमच्या प्रोजेक्टमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये जुळवत असलेल्या रचनेत) नुसता वेग वाढवून बसवला, तर स्वर सुमारे दोन अर्धस्वरांनी चढतो. टाइम-स्ट्रेचिंगने, म्हणजे सॉफ्टवेअरकरवी फक्त लांबी बदलल्याने, स्वर कायम राहतो. पण घुमटाच्या उघड्या तोंडावर तळहाताची उघडझाप करून काढलेला घुमारा आणि कातड्यावरची तीक्ष्ण थाप ही दोन्ही एकाच वेळी क्वचितच शाबूत राहतात. म्हणून प्रत्येक आघाताशी तुकडे पाडून ते ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधील मात्रांच्या रेषांवर) मांडणे मी पसंत करतो. वेग वाढवताना हे उत्तम जमते. कमी करताना मात्र तुकड्यांमध्ये पोकळी उरते आणि तेथे नादाचा शेवट लांबवावा लागतो. प्रत्यक्ष वादनातील लय मुळातच किंचित पुढेमागे होत असल्याने प्रत्येक थाप ग्रिडला चिकटवण्याचा हट्ट मला रुचत नाही. दर आवर्तनाची सम (पहिली मात्रा) जुळली की पुरे.