काचेचं दार, पश्चिमेचं ऊन आणि कूलर

रविवार, रात्री उशिरा.

होळी झाली, गल्लीत सगळ्यांचे कूलर बाहेर निघून राहिलेत, कोणी टाकी घासतंय, कोणी ताट्यांमधे नवा वाळा भरतंय, आणि आमच्या मागच्या वाढवलेल्या खोलीचं दार काही ठरून नाही राहिलं. स्लॅब झाला, प्लास्टर झालं, बागेकडची बारा फुटांची बाजू मात्र सताड उघडी आणि तिला निळी ताडपत्री. नवऱ्याला तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत फोल्डिंगचं काचेचं दार पाहिजे, सगळे पल्ले एका बाजूला सरकवले की खोली आणि बाग एकच. व्हिडिओत फार भारी दिसतं ते, मलाही आवडलंच होतं.

पण आमची बाग पश्चिमेला आहे ना. नागपूर पडलं साधारण २१ अंश उत्तरेला, म्हणजे मे-जूनमधे भर दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावरच असतो, दक्षिणेकडच्या काचेला दोन फुटांचा छज्जासुद्धा सावली देऊन जातो. पश्चिमेला तसं नाही, चारनंतर ऊन आडवं येतं, छज्जा कितीही पुढं काढा ते खालून घुसतंच. आणि एकदा काचेतून आत आलं की आतून पडदा ओढून फारसं काही होत नाही, पडदा तापतो आणि ती गरमी खोलीतच राहते. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेरच. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या भट्टीसारख्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, बारा फूट काच पश्चिमेला म्हणजे बसायची खोली नाही, पापड वाळवायची जागा होईल.

शोरूमवाले हे कोणी सांगत नाहीत. तिथं एसी सुरू असतो, दारामागं खोटी हिरवळ लावलेली असते, तिथं कुठलंही दार छानच दिसेल. एकानं डबल काचेचं सांगितलं, ६ मिलिमीटरची काच, मधे १२ ची पोकळी, परत ६ ची काच. चांगलंच असतं ते, आवाज कमी येतो, एसीची थंडी टिकते. पण दोन्ही काचा साध्या पारदर्शक असल्या तर थेट ऊन बऱ्यापैकी आत येतंच, त्यासाठी वरून ऊन परतवणारं कोटिंग पाहिजे, आणि कोटिंग म्हटलं की कोटेशन एकदम उडी मारतं.

शिवाय आमच्याकडं एसी एकाच खोलीत, बाकी सगळा कारभार कूलरवर. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, तर तेवढीच हवा बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर तासाभरात नुसती चिकचिक. म्हणजे हे दार रात्री बंद असतानासुद्धा कुठून तरी हवा सोडणारं पाहिजे. हे मी फॅब्रिकेटर भाऊला विचारलं तर तो माझ्याकडं पाहतच राहिला, मग म्हणे मॅडम थोडं सरकवून ठेवायचं. थोडं सरकवून झोपायचं म्हटल्यावर बाबांचं सुरू झालं, ग्रिल लावा, ग्रिल लावा. काचेच्या दाराला ग्रिल लावायचं तर मग काच कशाला!

सागवान मनात होतं. लकडगंजला जाऊन लाकूड पाहून आले, बल्लारशाचा साग हातात घेतला की सोडवत नाही. पण आमचं समोरचं सागाचंच दार जुलैत फुगतं आणि खांद्यानं ढकलावं लागतं, इथं तर पश्चिमेचा पाऊस थेट अंगावर. म्हणून सागाचा विषय बंद.

तर आता माझ्यापुरतं ठरलंय ते असं. बारा फुटांपैकी आठच फूट दार, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट भिंत. ॲल्युमिनियमचं तीन ट्रॅकचं स्लायडिंग, दोन पल्ले काचेचे, तिसरा जाळीचा, कारण मागं कुंड्या आहेत म्हणजे डास आहेत. दाराच्या वर उघडणारा झरोका, त्याला मजबूत जाळी, कूलरची हवा तिथून जाईल आणि दार रात्री कडी लावून बंद राहील. काच टफन्डच्या ऐवजी लॅमिनेटेड. टफन्ड मजबूत असते पण फुटली तर सगळीच बारीक दाणे होऊन खाली येते, लॅमिनेटेडला तडे गेले तरी मधल्या फिल्मला चिकटून जागेवर राहते, बाबांना हे पटलं, ग्रिल निदान सध्या तरी थांबलं. बाहेर सहा फुटांचा ओटा, पुढं खांब, खांबांना उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे आणि एका बाजूनं मधुमालती.

नवरा म्हणतो, स्लायडिंगमधे अर्धंच उघडतं. खरंय, चारच फूट. पण नागपुरात आख्खी भिंत उघडून बसायचे दिवस किती? डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी, त्याही ओडोमॉस लावून.

आईंची अट एकच, खालचा ट्रॅक पायात यायला नको. फरशीत बसवून मिळतो म्हणे, फक्त पाणी बाहेर काढायची भोकं वेळच्या वेळी साफ करावी लागतात आणि ओट्याला उतार बाहेरच्या बाजूनं पाहिजे, तो मी मिस्त्रीकडून पाणी ओतून करून घेईन. माप आत्ताच घेतो म्हणत होता फॅब्रिकेटर, होऊन जाते म्हणे. आधी टाइल बसू द्या म्हटलं.

राहिला रंग. नवऱ्याला काळी फ्रेमच पाहिजे, आजकाल सगळ्यांची काळीच असते. आज दुपारी त्याला म्हटलं, आपल्या गेटची काळी दांडी जरा धरून पाहा. धरली, लगेच सोडली, बोलला काहीच नाही. पण जेवणानंतर व्हॉट्सॲपवर ऑफ व्हाइट फ्रेमचे फोटो यायला लागलेत.