तारखानचा झगा: लंडनच्या पेट्री संग्रहालयात

ब्रिटिश म्युझियममधल्या ममी बघून झाल्या की बाहेर पडा आणि दहा-पंधरा मिनिटं चालत मॅलेट प्लेस गाठा. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारात इजिप्तच्या प्राचीन वस्तूंचं पेट्री संग्रहालय आहे. प्रवेश मोफत, पण उघडण्याच्या वेळा मोजक्या. त्या आधी बघून घ्या. ममींच्या पट्ट्या अनेकदा राळेने काळ्या आणि कडक झालेल्या असतात, वीण नीट दिसत नाही. इथे मात्र शिवलेला, अंगात घातलेला एक जवळजवळ अख्खा कपडा समोर उभा आहे: इजिप्तमधल्या तारखानच्या थडग्यात सापडलेला, पाच हजार वर्षांहून जुना झगा. मला तर सगळ्या लंडनमध्ये हीच वस्तू सर्वांत मोलाची वाटली.

कापड जवसाच्या धाग्याचं, लिननचं. झग्याला कापडाचे तीन तुकडे लागले आहेत: एक खालच्या घेरासाठी आणि दोन बाह्या-खांद्यांसाठी. गळा इंग्रजी 'व्ही'सारखा. उभ्या धाग्यांत मधूनमधून फिकट करडी रेघ आहे. ती डोळ्यांनी पकडली की कापड कुठे जोडलंय ते कळतं. बाह्यांवर बारीक, घट्ट चुण्या आहेत. थोडं बाजूला सरकून बघा, समोरून त्या सपाट भासतात. इजिप्तमध्ये हा धागा आपल्या सुतासारखा पिंजून कातत नसत. खोडापासून सोललेल्या तंतूंची टोकं एकमेकांवर ठेवून हाताने पीळ देत जोडत आणि मग टकळीवर आणखी पीळ चढवत.

१९१२-१३च्या हंगामात पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी तारखान इथल्या २०५० क्रमांकाच्या मस्तबा (सपाट माथ्याच्या) थडग्यातून मळक्या चिंध्यांचा ढीग आणला. तो तसाच पडून राहिला. १९७७ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये चिंध्या साफ करताना त्यात हा झगा सापडला. त्याची आतली बाजू बाहेर आलेली होती, डोक्यावरून ओढून काढल्यासारखा. काखेत आणि कोपरांशी सुरकुत्या होत्या, म्हणजे तो नुसता प्रेतासाठी शिवलेला नव्हता. जुनं लिनन घडीवरच तुटतं, चुण्या तर घड्याच. म्हणून त्याला तलम रेशमी जाळीवर टाके घालून आधार दिला.

काळाचा प्रश्न २०१५ साली सुटला. जवस एका हंगामाचं पीक, त्यामुळे कार्बन चाचणीत कापणीचंच साल मिळतं. लाकूड वापरात येण्याच्या कितीतरी आधी वाढलेलं असू शकतं, म्हणून त्याची तारीख फसवते, तसं इथे होत नाही. धाग्याचा सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपासचा नमुना ऑक्सफर्डमध्ये तपासला. उत्तर आलं इसवी सनपूर्व ३४८२ ते ३१०२, खात्री ९५ टक्के.

प्रकाशाने लिनन पिवळं पडून ठिसूळ होतं, म्हणून उजेड मंद असतो. डोळे सरावेपर्यंत थांबा, फ्लॅश अजिबात वापरू नका. मग नजर खाली न्या. तिथली कड उरलेलीच नाही, त्यामुळे झगा गुडघ्यापर्यंत होता की घोट्यापर्यंत, हे कापडावरून सांगता येत नाही.