व्हर्जिनियात फॉक्स हंटिंग: कमी खर्चात, पण रीतसर पोशाखात

वॉशिंग्टनहून रूट ५० ने पश्चिमेला निघालं की ऑल्डीपाशी वस्त्या मागे पडतात आणि दुतर्फा दगडी गडगे लागतात. त्यापुढे मिडलबर्ग आणि अपरव्हिल. लाउडन काउंटीच्या पूर्वेला, अ‍ॅशबर्नच्या बाजूला, आपली मराठी आयटी मंडळी ढिगाने राहतात. त्याच काउंटीच्या या टोकाला मात्र घोडे, हाउंड (वासावरून माग काढणारे शिकारी कुत्रे) आणि कुरणं यांचंच राज्य आहे. जॉर्ज वॉशिंग्टनला फॉक्स हंटिंगचं, म्हणजे हाउंडांमागे घोड्यावरून खोकडाचा पाठलाग करण्याच्या या खेळाचं, वेड होतं, त्याच्या रोजनिशीत जागोजागी त्याची नोंद सापडते. इथला पीडमॉंट हंट (हंट म्हणजे या खेळाचं मंडळ) १८४० पासूनचा. १९०५ च्या नोव्हेंबरात याच माळांवर इंग्लिश आणि अमेरिकन हाउंडांची पैज लागली होती आणि अमेरिकन हाउंडांनी ती जिंकली.

इथे खोकड मारणं हा हेतूच नसतो. खोकड बिळात शिरलं की हाउंडांना हाताळणारा हंट्समन शिंग फुंकून हाउंडांना माघारी बोलावतो. खेळ आहे तो माग काढणाऱ्या हाउंडांचा, आणि त्यांच्यामागे घोडा टाकण्याचा.

बऱ्याच जणांना वाटतं, हे सगळं गडगंज लोकांचं काम. घोड्याचं भाडं आणि पाहुण्याने दिवसापुरती द्यायची फी, जिला इथे ‘कॅप’ म्हणतात, ती द्यावीच लागते. कपड्यांसाठी मात्र खिसा रिकामा करायची गरज नाही. हंट ज्या शेतांतून जातो ती दुसऱ्यांची असतात, त्यांच्या परवानगीवरच सगळं चालतं. नीटनेटकं येणं हा त्या शेतकऱ्यांचा मान. कोट जुना असला तर कोणी नाक मुरडत नाही, पण बुटांना कालचा चिखल असला तर सगळ्यांच्या लक्षात येतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या सुमाराला सुरू होतो. त्याआधीच्या दिवसांत ‘रॅटकॅचर’ चालतं, म्हणजे मातकट रंगाचा ट्वीडचा कोट, साधा शर्ट-टाय, बदामी ब्रीचेस (घोडेस्वारीची तंग विजार) आणि तपकिरी किंवा काळे बूट. माझा कोट जुन्या कपड्यांच्या दुकानातला, पुरुषी मापाचा, बाह्या घरी आखूड केलेला. घेताना पाठ बघावी. मागे चीर नसेल तर खोगिरावर बसल्यावर कोट वर गोळा होतो. मिडलबर्गसारख्या गावांत जुनं खोगीर-सामान ठेवणारी दुकानं असतात. तिथे चामड्याचे उंच बूट नव्याच्या मानाने फारच स्वस्तात मिळतात. पोटरीत बसतात ना, एवढं घालून पाहायचं. बाकी काम पॉलिश करतं.

हेल्मेट मात्र नवंच, प्रमाणित, आपल्या डोक्याच्या मापाचं घ्यावं. जुन्या हेल्मेटने आधी एखादी आपट खाल्ली असेल तर आतला फोम दबलेला असतो आणि वरून काही कळत नाही. इथे काटकसर करणाऱ्याशी मी भांडते.

नोव्हेंबरात मुख्य हंगाम सुरू झाला की काळा किंवा गडद निळा कोट, काळे बूट आणि गळ्यात पांढरा स्टॉक, म्हणजे गळ्याभोवती बांधायची लांब कापडी पट्टी. लाल कोट हंटच्या कर्मचाऱ्यांचा आणि ज्यांना तो मान दिला आहे अशांचा, पाहुण्याने तो घालू नये. कॉलरचा रंग आणि कोरीव बटणंही त्या त्या हंटची असतात. आपली बटणं साधी, काळी.

स्टॉक मी घरीच शिवला, लक्ष्मी रोडवरून आणलेल्या पांढऱ्या पॉपलीनचा. मधला रुंद भाग गळ्यावर ठेवायचा, दोन्ही टोकं मानेमागे न्यायची, एक टोक शिवणीतल्या फटीतून ओवायचं, पुढे आणून घट्ट चौकोनी गाठ मारायची आणि टोकं एकमेकांवर आडवी टाकायची. मग साधी पिन, तीही आडवी लावायची. उभी लावली तर पडल्यावर गळ्यात घुसू शकते. हे कापड नुसतं शोभेचं नाही. माणूस पडला तर त्याचीच झोळी करून हात गळ्यात अडकवता येतो, घोड्याला जखम झाली तर पट्टीही होते.

बांगड्या, लोंबते कानातले घरी ठेवावेत. मंगळसूत्र घालत असाल तर शर्टाच्या आत. केस जाळीत. घोड्याच्या खोगिराखालीही रंगीत पॅड नको. खोगिराच्या आकाराचं पांढरं आणि स्वच्छ असलं की झालं. एखाद्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत दिसली तर लांब राहा, तो लाथ मारतो.

जायच्या आधी हंटच्या सचिवांना लिहून विचारावं: पाहुणे चालतील का, कॅप किती, उंच बुटांऐवजी हाफ-चॅप्स (आखूड बुटांवर पोटरीला चढवायची आवरणं) चालतील का. काही ठिकाणी शरदात तपकिरी चामड्याचे हाफ-चॅप्स चालवून घेतात, काही ठिकाणी नाही. उड्या मारायच्या नसतील तर ‘हिलटॉपर’ म्हणून मागच्या गटात जाता येतं, तेही आधीच सांगावं. आणि घोड्यावर बसायचंच नसेल तर डिसेंबरच्या सुरुवातीला मिडलबर्गच्या ख्रिसमसच्या मिरवणुकीला जा. लाल कोट, स्टॉक, हाउंड सगळं भर रस्त्यातून जातं आणि अगदी जवळून बघायला मिळतं. गर्दी उसळते, गाडी लावायला जागा मिळणं मुश्किल. सकाळी लवकर पोचा.