रात्र अरिस्तान बाबाकडे, मागणं तुर्किस्तानात

"पायी?" आपाने तिसऱ्यांदा विचारलं. भाचीने तिसऱ्यांदा रशियनमध्ये तेच सांगितलं. आपाने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग दारातल्या गाडीकडे बघितलं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. त्याचा अर्थ भाचीने मला सांगितला नाही.

आपा म्हणजे भाचीची घरमालकीण. पोरगी कझाकस्तानात शिमकेंतला डॉक्टरकी शिकते. आळंदी ते पंढरपूर मी सात वेळा चाललेय, तेव्हा अरिस्तान बाबाच्या दर्ग्यापासून तुर्किस्तान शहरापर्यंतचे साठेक किलोमीटर म्हणजे काय, लोणंद-फलटणच्या दुप्पट. असा माझा तोरा होता.

कझाक लोकांत म्हण आहे, रात्र अरिस्तान बाबाकडे काढावी आणि मागणं ख्वाजा अहमदकडे मागावं. अरिस्तान बाबाने पैगंबरांनी दिलेली खजुराची बी तोंडात धरून चारशे वर्षं सांभाळली. मग वाटेत एका पोराने अडवून विचारलं, 'बाबा, माझी अमानत कुठे आहे?' तो पोर म्हणजे ख्वाजा अहमद यसवी, तुर्किस्तानात ज्याची समाधी आहे तो सूफी संत. आपण बँकेत ठेवतो ती अनामतसुद्धा याच शब्दाची. रात्रभर त्या दर्ग्याजवळच्या खोलीत सतरंजीवर पडून मी हाच विचार करत होते, कारण शेजारच्या बाईच्या घोरण्याने झोप येत नव्हती.

निघालो. भाची नि मी पायी, आपा गाडीत. गाडी चालवायला आपाचा पुतण्या, दाढी राखलेला, पाच वेळा नमाज पढणारा, अतिशय सज्जन आणि अतिशय कंटाळलेला. दर दोन-तीन किलोमीटरवर गाडी पुढे जाऊन थांबायची आणि आपा थर्मासमधला चहा घेऊन उभी असायची. दिंडीचा ट्रक तरी तासन्‌तास दिसत नाही! एकदा गाडी चालू होईना, तेव्हा आपाने बॉनेटवर थाप मारून शिवी हासडली, "कोक सोक्किर!" कोक म्हणजे निळा, कोक म्हणजे आभाळही. आभाळ हाणो तुला. पुतण्याने डोळे मिटून घेतले.

ओत्रार या जुन्या शहराचे ढिगारे आले नि गेले. तैमूर 1405 मध्ये इथेच मेला. मला तहान लागली होती.

पहिला दिवस, दुसरा दिवस, मला आता वेगळे काढता येत नाहीत. सपाट, पिवळं, वर निळं. झाड एखादंच, डोंगर नाही, दिंडी नाही, वीणा नाही. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणायला गेले तर आवाज कुठे आपटून परतच येईना. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मंगोलियातल्या ओरखोनच्या शिलालेखात, 732 सालच्या, कुल तेगिन या तुर्की राजपुत्राच्या खांबावर लिहिलंय की वर निळं आभाळ आणि खाली तपकिरी धरती झाली, तेव्हा त्या दोहोंच्या मध्ये माणूस झाला. वाचताना ते मला काव्य वाटलं होतं. इथे ते निव्वळ वर्णन आहे. मध्ये खरोखर दुसरं काहीच नाही, तुम्हीच आहात.

दुसऱ्या दुपारी डाव्या टाचेचा फोड फुटला. उजव्या चवड्याला दुसरा टम्म फुगला होता. गाडी पुढे गेलेली, फोनला रेंज नाही. भाचीवर मी विनाकारण खेकसले. ती म्हणाली, "मावशी, हट्ट तुझा होता." तेही खरंच, म्हणून जास्त राग आला.

रस्त्याकडेला ताडपत्रीखाली खरबुजांचा ढीग लावून एक बाई बसली होती. माझी चाल बघून तिने न विचारता पालथा क्रेट पुढे केला. बूट काढ, अशी खूण. मोजा फोडाला चिकटला होता. तिने त्यावर बाटलीतलं पाणी थेंबथेंब सोडून तो सुटा केला. मग पदराला, म्हणजे तिच्या ओढणीच्या आतल्या काठाला, टोचलेली सुई काढली. काडी ओढून तापवली, निळा दोरा ओवला, फोडाच्या या बाजूने घालून त्या बाजूने काढला आणि दोरा आतच ठेवून टोकं कापली. मी बघतच राहिले. वाल्ह्याच्या मुक्कामात दिंडीतल्या काकूंनी माझ्या पायाला हेच केलं होतं, अगदी असंच. पुढचा भाग मात्र वाल्ह्यात नव्हता. तिने पत्र्याच्या डब्यात अद्रास्पान, आपलं हरमल, पेटवून धूर माझ्या पायांभोवती आणि डोक्याभोवती फिरवला. दृष्ट काढली म्हणायची. वर खरबूज कापून दिलं. पैसे घेईना.

तेवढ्यात गाडी माघारी आली. आपाने सगळं ऐकलं आणि दोन्ही तळवे वर करून त्या बाईला म्हणाली, "तेंगिर जारिल्कासिन." तेंगिर, म्हणजे तुर्कांचा जुना आभाळदेव, तुझं भलं करो.

"अल्ला म्हण," पुतण्या हळूच म्हणाला.

आपा त्याच्याशी भांडली. भाची सांगत होती ते अर्धंच कळलं. आपाचं म्हणणं, अल्लाही म्हणते, कुदायही म्हणते, तेंगिरही म्हणते, ऐकणारा एकच आहे. पुतण्याचं म्हणणं, बोलण्यापर्यंत ठीक, पण मघाशी जिद्याच्या झाडाला ओढणीची चिंधी बांधलीस ते शिर्क झालं, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला पुजणं. मला महमूद काशगरी आठवला. अकराव्या शतकात त्याने आपल्या तुर्की कोशात आधी लिहिलं की तेंग्री म्हणजे अल्ला. आणि लगेच चिडून लिहिलं की काफर आभाळालाच तेंग्री म्हणतात, मोठा डोंगर किंवा झाड दिसलं तरी त्याला तेंग्री म्हणून डोकं टेकतात. साडेनऊशे वर्षं झाली. काशगरी गाडीच्या चाव्या फिरवत उभा होता आणि आपा त्याला खरबुजाची फोड भरवत होती.

तुर्किस्तान तिसऱ्या संध्याकाळी आलं. निळा घुमट लांबून दिसला, पण कळसाला बघून येतं तसं रडू आलं नाही. पाय फार दुखत होते. यसवीच्या समाधीवर तैमूरने बांधायला घेतलेली ही इमारत तो मेल्यावर तशीच राहिली. दर्शनी कमानीला फरशा नाहीत, भिंतीतून लाकडाच्या तुळया अजून बाहेर आलेल्या आहेत. मला तेच आवडलं. आत दोन टनांची कढई आहे, 1399 ची. सोव्हिएतांनी 1935 मध्ये लेनिनग्राडला नेली, 1989 मध्ये परत आली. यसवी त्रेसष्टाव्या वर्षी जमिनीखालच्या खोलीत जाऊन राहिला, पैगंबरांच्या वयापुढे उन्हात राहायचं नाही म्हणून, असं सांगतात. तिथे मात्र आळंदीची समाधी आठवून घसा दाटला. मागायचं काय ते ठरवून आले होते, ऐन वेळी विसरले.

त्या रात्री आपाच्या बहिणीच्या घरी सात शेल्पेक तळल्या. लाटलेल्या, हातभर पुऱ्याच. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, म्हणून. सात झाल्या, कापडाखाली ठेवल्या, आणि मग अडलं. त्यांच्यावर कुराणातलं म्हणायचं तर ते शुद्ध म्हणता येणारा घरात एकटा पुतण्याच. तो म्हणाला, वासबिस कुणाला पोचत नाही, मी यात नाही. आपा काही बोलली नाही. कापड नीट केलं, पुन्हा नीट केलं. पोळ्या गार व्हायला लागल्या.

शेवटी त्याने हात धुतले, मांडी घालून बसला आणि म्हणायला लागला. आवाज फार सुरेख होता त्याचा. संपल्यावर सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, मीही फिरवले. आपाने पहिली शेल्पेक मोडून अर्धी त्याला दिली, अर्धी मला, आणि उरलेल्यांतल्या दोन घेऊन शेजारणीच्या दाराशी गेली.