दमा, पंप आणि उशाशी ठेवलेली वही

दमा आहे असं कळलं की भेटेल त्याच्याकडे एक उपाय निघतो. मावशीने अडुळशाचा काढा सांगितला, शेजारच्या काकूंनी आल्याचा रस आणि मध, कामावरच्या एकाने कपालभाती. सासरकडचे एक मामा कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून देतात ते औषध घ्यायला मला घेऊन जायला निघाले होते. दुसरे एक जण हैदराबादला मृग नक्षत्रावर नामपल्लीच्या मैदानात जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून गिळायला देतात, तिथे जाऊन आलेले. शाकाहारी माणसाला तेच गुळातून मिळतं, तेव्हा माझी अडचण नाही, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. सगळ्यांचा जीव तुटत होता म्हणूनच सांगत होते, हे मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर आयुष्यभर फक्त पंपावर, म्हणजे इनहेलरवर, राहायचं ही कल्पना मलाही सोसत नव्हती.

पण घरात एक गोष्ट होऊन गेली होती. माझ्या वडिलांनाही दमा. त्यांनी आठवडी बाजारात मिळणाऱ्या दम्याच्या पुड्या कितीतरी वर्षं घेतल्या. पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. एक पुडी घेतली की दोन तासांत छाती मोकळी. गावात सगळे म्हणायचे, जडीबुटीचं आहे, त्रास नाही. हळूहळू त्यांचा चेहरा गोल सुजला, साखर वाढली, कातडी इतकी पातळ झाली की नुसतं खरचटलं तरी रक्त यायचं. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, पुड्या घेता का? अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत होतं. एकदम बंदही करू नका म्हणाले, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं आणि अचानक थांबवलं तर माणूस कोसळतो. त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हटलं की मी आधी विचारते, आत काय आहे आणि ते कोणी लिहून दिलंय?

मी सांगलीला मार्केट यार्डात एका अडत पेढीवर हिशेबाचं काम करते. फेब्रुवारीपासून नवी हळद येते, सौदे निघतात, पोती फोडली की पिवळी धूळ उडते आणि संध्याकाळपर्यंत केसांत, वहीच्या पानांत, नाकात बसते. ऊस तुटला की शेतात पाचट पेटवतात, तो धूर वेगळा. माझा दमा या दोन्हींमध्ये वाढत गेला. पहाटे तीन-चारच्या सुमाराला छातीत शिट्टी वाजायला लागायची, आणि उशी भिंतीला लावून उरलेली रात्र बसून काढायची.

मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री केली. नळीत जोरात फुंकायचं, मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटं थांबवायचं आणि पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळी आकडा बराच वर गेला. दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात आणि त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, औषधाने त्या पुन्हा उघडतात, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पंप दोन प्रकारचे असतात हेही तेव्हा नीट कळलं. एक धाप लागली की लगेच मोकळं करणारा, दुसरा रोज घ्यायचा, सूज कमी ठेवणारा. रोजच्या पंपातही स्टेरॉइडच असतं, पण ते मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट श्वासनळीत जातं. वडिलांच्या पुडीसारखं सगळ्या अंगभर फिरत नाही. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते.

मी त्यांना सरळच विचारलं, “डॉक्टर, योगासनं, काढे, नेती, हे मी करून बघू का?” ते म्हणाले, “करा ना मॅडम. फक्त रोजचा पंप बंद करायचा नाही, एका वेळी एकच गोष्ट सुरू करायची, आणि रोज मोजायचं.” आणि पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं यंत्र, घ्यायला सांगितलं.

हे यंत्र म्हणजे हातभर लांबीचीही नसलेली प्लास्टिकची नळी. वर आकड्यांची पट्टी आणि एक सरकता काटा. उभं राहायचं, काटा शून्यावर आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका दमात जोरात फुंकायचं. तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर पंपाच्या आधी आणि रात्री झोपताना. माझा चांगल्या दिवसांतला सर्वांत वरचा आकडा 380 आला. त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या वर हिरवा पट्टा, त्याखाली पिवळा, निम्म्याच्या खाली तांबडा. तांबड्यात गेलं, बोलताना वाक्य पुरं होईना, किंवा ओठ निळे दिसले, तर पंप घेत घेत थेट दवाखाना, घरचा कुठलाही उपाय करत बसायचं नाही. हा कागद डॉक्टरांनी स्वतः लिहून दिला, तो मी फ्रिजवर चिकटवला, सासूबाईंना आणि मुलाला समजावून सांगितला.

वही उशाशी ठेवली. एका रकान्यात आकडा, शेजारी धाप लागल्यावर घ्यायचा पंप किती वेळा लागला, आणि त्याच्यापुढे ‘आज काय नवीन’. सुरुवातीला सकाळचे आकडे अडीचशेच्या आसपासच घुटमळत होते.

पहिला सुरू केला तो प्राणायाम. आमच्या गल्लीतच एक बाई वर्ग घेतात, त्यांचं शिक्षण लोणावळ्याच्या कैवल्यधामला झालेलं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये ती संस्था काढली ती योगाच्या क्रियांना प्रयोगशाळेत तपासून बघायचं म्हणून, त्यामुळे मोजण्याची माझी वही बघून बाईंना आनंदच झाला. पहिल्या दिवशी त्यांनी मला कपालभाती करू दिली नाही. “छाती वाजत असताना झटके नकोत, कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणंही नको,” म्हणाल्या. जोरजोरात श्वास सोडला की नळ्या कोरड्या पडतात आणि काहींना त्यानेच उबळ येते. त्याऐवजी त्यांनी माझा एक हात पोटावर आणि एक बरगड्यांवर ठेवायला लावला. तोंड बंद. नाकाने हळू श्वास आत, वरचा हात हलता कामा नये. मग बाहेर सोडताना आत घेतल्याच्या दुप्पट वेळ. मला जमेना. मी घाईघाईने छातीच्या वरच्या भागातच श्वास घेत होते आणि दर दुसऱ्या श्वासाला तोंड उघडत होतं. बाई शेजारी बसून माझ्या श्वासाबरोबर बोट खाली-वर करत राहिल्या, बराच वेळ, न कंटाळता. काही दिवसांनी भ्रामरी शिकवली. गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, मोजावा लागत नाही.

दम्यात हवा आत कोंडते, नीट बाहेर पडत नाही, आणि घाबरून भराभर श्वास घेतले की आणखीच कोंडते. सावकाश, लांब उच्छ्वासाने ती बाहेर पडायला वेळ मिळतो. नाकातून आलेली हवा गाळलेली, ओलसर आणि कोमट असते. बाईंनी हे सांगितलं ते वर्गात ऐकून पटलं होतं, पण पहाटे शिट्टी सुरू झाली तेव्हा पंप घेऊन तसंच बसून श्वास लांबवल्यावर छातीतली घाबरगुंडी उतरताना मी स्वतः अनुभवली.

आता वही काय सांगत होती? पीक फ्लोचा आकडा प्राणायामाने जवळजवळ हललाच नाही. पण शेजारचा रकाना बदलला. धापेचा पंप लागणं स्पष्टपणे कमी झालं, झोप सलग लागू लागली, जिना चढताना मधे थांबावं लागेना. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, अभ्यासांतही असंच दिसतं, श्वसनाच्या व्यायामांनी त्रास कमी होतो आणि जगणं सुधारतं, नळ्यांच्या मोजमापात फारसा फरक पडत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बरं वाटणं खरं असतं, त्याला कोणी कमी लेखू नये. पण बरं वाटतंय म्हणजे सूज गेली असं नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी लोक पंप सोडतात.

जलनेतीने, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी घालून दुसरीतून काढल्याने, नाक साफ राहिलं. हळदीच्या दिवसांत यार्डातून आल्यावर नेती केली की नाकातून पिवळं पाणी येतं ते बघूनच समाधान होतं. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यायचं, नळाचं तसंच कधीही नाही, आणि अर्ध्या लिटरला चहाच्या चमच्याला जरा कमी मीठ. मिठाचं प्रमाण चुकलं की नाक झोंबतं.

अडुळशाने खोकला मोकळा झाला. यात नवल नाही, कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या वासिसीन या घटकावरूनच घडवलेलं आहे. पण आवळलेली नळी त्याने उघडली नाही, आकडा तिथेच. ज्येष्ठमधाचा काढा मी सासूबाईंपासून लांबच ठेवला, त्यांना रक्तदाब आहे आणि ज्येष्ठमध रोज घेतलं तर तो वाढतो. हळदीचं दूध रात्री चांगलं वाटतं, मी अजूनही घेते, दम्याचं औषध म्हणून नाही. वाफारा चोंदलेल्या नाकाला बरा. त्यात निलगिरीचं तेल घातलं त्या रात्री मात्र छाती जास्तच वाजली. ते वहीत ठळक आहे.

आकडा खरा चढला तो रोजचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, तिने औषध नीट आत जातं) लावून नियमित घेतल्याने आणि घरातल्या धुरामुळे. म्हणजे धूर बंद केल्यामुळे. डासांची कॉइल आधी गेली. एक कॉइल जाळली की साधारण शंभर सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात, आणि आम्ही दारं-खिडक्या लावून ती रात्रभर जाळत होतो. तिच्या जागी मच्छरदाणी आली. उदबत्तीवर मात्र घरात बोलाचाली झाली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, देवापुढे उदबत्ती नाही म्हणजे काय?” मी काहीच उलट बोलले नाही, फक्त त्या आठवड्यातलं पान त्यांना वाचून दाखवलं, चतुर्थीची संध्याकाळ आणि दुसऱ्या सकाळचा आकडा. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच निरांजन आणि फुलांवर पूजा भागवली. पोटमाळ्यालगतच्या भिंतीची पावसाळी बुरशी खरवडून रंग दिला. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात. गादी उन्हात टाकणं आणि झटकणं मुलाकडे, मी त्या वेळी घरात. पेढीवर मालकांना सांगून माझं टेबल सौद्याच्या हॉलमधून आतल्या खोलीत नेलं, मी मास्क लावते. मालक एका शब्दाने आढेवेढे न घेता हो म्हणाले.

सकाळचे आकडे तीनशेच्या वर स्थिर राहायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने वाट पाहिली आणि मगच रोजच्या पंपाचा डोस निम्मा केला. तोही त्यांनी केला, मी नाही. वडिलांनाही मी आता तेच डॉक्टर दाखवते. पुड्यांच्या जागी दिलेल्या त्यांच्या गोळ्या फार हळूहळू उतरवल्या, आणि अंगणात खुर्चीवर बसून ते माझ्याबरोबर भ्रामरी करतात.

यंदा साखर कारखाने सुरू झाले आणि गावाबाहेर पाचट पेटलं तशी वहीत पुन्हा पिवळ्या पट्ट्यातली पानं आली. डोस परत पहिल्याइतका झाला आहे. गळीत हंगाम संपला की पुन्हा फुंकून बघायचं आणि ठरवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.