संकरित बोकडाची चरबी

सिंधुदुर्गात पशुवैद्यक म्हणून काम करताना बराच वेळ कृत्रिम रेतन, लसीकरण आणि विम्याचे दाखले यांत जातो. जनावर आतून पाहायचे ते बहुधा शवविच्छेदनातच. त्यामुळे कुडाळजवळच्या एका शेळीपालकाने थेट खाटकाच्या दुकानात बोलावले, तेव्हा जरा नवल वाटले.

दोन खच्ची केलेले, साधारण एकाच वयाचे बोकड शेजारी टांगलेले होते. एक कोकण कन्याळ या इथल्या स्थानिक जातीचा, दुसरा कन्याळ शेळीला बोअर या दक्षिण आफ्रिकेतल्या मांसासाठीच्या जातीच्या बोकडापासून झालेला. संकरित बोकड वजनाने सरस होता, पण खाटीक ठरलेला दर द्यायला तयार नव्हता. "ही चरबी कोण घेतलो? विलायती रक्ताचा असाच," असे त्याचे म्हणणे. कन्याळाच्या मूत्रपिंडांवर चरबीचा पातळ थर होता. संकरिताची मूत्रपिंडे चरबीत पुरती बुडाली होती. मी दोन्हींकडची चरबी बोटांत दाबून पाहिली. कन्याळाची पांढरीशुभ्र, मेणासारखी तुटणारी. संकरिताची मऊ, बोटाला चिकटणारी.

शेळी चरबी साठवते ती आधी पोटात, मांसात फार थोडी, म्हणून जिवंत बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून तिचा नीट अंदाज येत नाही. बोअर ही मोठ्या अंगाची जात. सारख्या वजनाला तिच्या संकरात चरबी कमीच असायला हवी. मालकाला विचारले तेव्हा कळले की कन्याळ रोज सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या माळावर, चरत होता आणि फणसाचा पाला खात होता, तर महागाचा म्हणून संकरित बोकड गोठ्यात बांधून मक्याचा भरडा आणि पेंड यांवर पोसला होता. धान्य जास्त झाले की कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, प्रोपिओनिक आम्ल वाढते, यकृताला ते सगळे वापरता येत नाही, त्यातून फांद्या असलेली मेदाम्ले बनतात आणि चरबी मऊ पडते. मऊपणा मी बिनदिक्कत खुराकाच्या नावावर लिहीन. चरबी जास्त का, ते जातीमुळे की खुराकामुळे, हे मात्र सांगता येत नाही, कारण मक्यावर वाढलेला कन्याळ किंवा सड्यावर चरलेला संकरित त्या दुकानात नव्हता.

गोमांस खाणाऱ्या देशांत वेगवेगळ्या संकरांची जनावरे एकाच खुराकावर ठेवून हा गुंता सोडवला गेला आहे. ब्राह्मण (Brahman) या वशिंडाच्या गोवंशाचा अंश वाढला की मांसातली चरबी घटते आणि मांस चिवट होते. वाग्यू या जपानी गोवंशाच्या संकरात ओलेइक हे मेदाम्ल वाढते आणि चरबी कमी तापमानाला वितळते. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने गाईंचा संकर आम्ही करतो तो दुधासाठी, आणि फॅट म्हणजे दूध संकलन केंद्रावरच्या यंत्राचा आकडा. शेळ्यांना ही अडचण नाही. तरीही मी आजवर भरलेल्या प्रत्येक तक्त्यात वजनवाढीचा रकाना होता, चरबीचा एकातही नव्हता. इतक्या अपुऱ्या माहितीवर शेतकऱ्यांना जात सुचवली जाते, याचा मला राग येतो.

खाटकाने शेवटी पोटातली चरबी वेगळी तोलून तेवढे पैसे कापले. पुढच्या खेपेस एक कन्याळ मक्यावर ठेवून पाहा, असे मी मालकाला सुचवले.

"कन्याळाक मको घालून माका काय गावतला, डॉक्टर?"

हिशेबाने त्याचे बरोबर होते. संकरित करडू सड्यावर सोडायला मात्र तो तयार झाला. पण वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे त्याचे खूर आणि फुप्फुसे कशी टिकतील, याची काळजी आता मला आहे.